चिंचेच्या लाकडाची मूठ

रहिमतपूरच्या आमच्या घराला दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढे पत्र्याची ओसरी आहे. आमच्या म्हणते, कारण जागा आम्ही दोघींनी मिळून घेतली होती, अक्कानं आणि मी. अक्का माझी सख्खी बहीण नव्हे. मिरजेला नर्सिंग शिकताना ती माझ्या पुढच्या वर्गात होती. नंतर सरकारी दवाखान्यांत बदल्या होता होता आम्ही एका क्वार्टरमध्ये येऊन पडलो, ते निवृत्तीपर्यंत. दोघींनीही लग्न केलं नाही. तिची कारणं वेगळी होती, माझी वेगळी होती, आणि ती एकमेकींना विचारायची आम्हाला कधी गरज पडली नाही.

ती सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याची लेक, मी साताऱ्याकडच्या फौजी घरातली. दिवस मावळायच्या आत ती जेवायची, त्यामुळे संध्याकाळच्या पाळीला तेवढा वेळ तिचा वॉर्ड मी बघायचे. क्वार्टरवर असलो की मीही व्हरांड्यात तिच्याबरोबर पान वाढून घ्यायचे. ती सवय मला लागली ती लागलीच. अजूनही मी उजेड असतानाच जेवून घेते. मग भांडी घासून झाली तरी बाहेर उसाच्या ट्रॉल्या जात असतात, शेजारच्या घरांत चहा चाललेला असतो, आणि माझी संध्याकाळ काही केल्या सरत नाही.

निवृत्तीनंतर अक्का या घरात जेमतेम वर्षभर राहिली. आधी तिच्या उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला. ती तो पदराखाली धरून बसायची. मला दिसत होतं आणि मला दिसतंय हे तिलाही कळत होतं. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं तेव्हा आम्हाला नवीन असं काही कळलं नाही. पुढे ती न्हाणीघरात पडली. मला एकटीला तिला उचलता येईना. शेजारणीला हाक मारून आणलं आणि दोघींनी तिला कशीबशी कॉटवर घेतली. दोन दिवसांनी तिचा भाचा गाडी घेऊन आला.

"मावशी, हे आता तुमा दोघींच्यानं व्हायचं न्हाई," तो म्हणाला. "आत्याला मी नेतो. तुमी कवाबी या, घर तुमचंच हाय."

तो बरोबर बोलत होता. अक्का गाडीत बसली, तिनं काच खाली घ्यायला सांगितली आणि मला म्हणाली, "माझ्या खोलीची खिडकी उघडी टाकत जा, पोरी. कोंदट वास येतो." आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो तरी मी तिची पोरीच होते. गाडी गेल्यावर मी आत येऊन तिची खिडकी उघडली आणि तिथंच कॉटवर बसून राहिले.

तेव्हापासून मी पॅसेंजरनं सांगलीला जाते, तिला भेटते आणि परत येते. अशाच एका भेटीत मी दुपारच्या जेवणाच्या वेळेला पोचले. भाचेसून तिला भरवत होती. पोरगी गुणाची आहे. कधी आवाज चढवत नाही, घाईही करत नाही. पण अक्का प्रत्येक घास तोंडात घेताना भिंतीकडे बघायची. शेवटी ती म्हणाली, "दे इकडं, मी खाते." स्टीलचा चमचा तिच्या बोटांना धरवेना. तो ताटाच्या काठावर वाजत राहिला, आमटी गाऊनवर सांडली. तिनं चमचा खाली ठेवला.

"ऱ्हाऊ दे. मला भूक न्हाई," ती म्हणाली.

भाचेसून माझ्याकडे बघत राहिली. अक्काला भूक होती हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

आमच्या वॉर्डात हात लुळा पडलेला पेशंट असला की आम्ही चमच्याच्या दांड्याला पट्टी गुंडाळून तो जाड करायचो. जाड असलं की मूठ वळते, धरता येतं. मी त्याच दिवशी तसं करून दिलं. पण आठवड्यात भाचेसुनेचा फोन आला. "मावशी, ती पट्टी वली ऱ्हाती, वास मारती. आत्या हातात धरत न्हाईत." मला माझंच हसू आलं. अक्कासारखी स्वच्छतेची कडक बाई ओल्या पट्टीला हात लावेल, असं मला वाटलंच कसं.

मग लाकडाची मूठ करून घ्यावी असं डोक्यात आलं. लाकूड धुता येतं, पुसता येतं, आणि हाताला गार लागत नाही. मी आमच्याकडच्या सुताराकडे गेले. तो दाराच्या चौकटीला रंधा मारत होता. मी सांगितलेलं त्यानं ऐकून घेतलं.

"आवं सिस्टर, आमी दारं-खिडक्या करतो. असलं गोल काम लेथवर होतंय, आन् ते आता सगळं तयारच येतंय. पूर्वी बाजारात एक कातारी बसायचा, लाटणी न भोवरे करायचा. त्यो गेला, त्याच्या मागं कुनी धरलं न्हाई." त्यानं खिशातला मोबाइल काढून मला एक लहानशी लेथ दाखवली. "ही बगा. घरात बसती. तुमीच घ्या की."

तो चेष्टेनं म्हणाला होता. मी घरी आले, त्यातली सगळ्यात स्वस्त शोधली आणि मागवली.

खोकं आलं तेव्हा समोरच्या घरातले निवृत्त हवालदार आणि पार्सलवाला, दोघांनी मिळून ते उचलून अक्काच्या खोलीत ठेवलं. त्या खोलीची फरशी सपाट आहे आणि खिडकीतून उजेड चांगला येतो, म्हणून. कॉट मी भिंतीला उभी केली. हवालदार म्हणाले, "काय सिस्टर, ह्या वयात कारखाना काढताय व्हय?"

"चमचा करायचाय," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पुढच्याच महिन्यात ते मुलाकडे पिंपरीला राहायला गेले. आता समोरच्या दाराला कुलूप असतं.

मशिन तसं साधं होतं. डावीकडे मोटर आणि तिच्यातून बाहेर आलेला, आटे पाडलेला जाड दांडा, त्यावर लाकडाचं एक टोक धरणारी लोखंडी तबकडी. उजवीकडे पुढं-मागं सरकणारा एक ठोकळा, त्याला टोकदार सेंटर. दोहोंच्या मधे लाकूड अडकवायचं. मोटर चालू केली की ते गरगर फिरतं. पुढच्या आडव्या आधारावर पटाशी टेकवून ते हळूहळू सोलत न्यायचं. मोबाइलवर बघताना ते लोणी काढल्यासारखं दिसायचं.

प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी खोली धुरानं भरली. उजवीकडचं ते टोक जागेवरच घट्ट बसवलेलं होतं. लाकूड फिरायचं, टोक फिरायचं नाही. घासून घासून लाकडाला तिथं काळं भोक पडायचं आणि जळका वास यायचा. मी त्यावर मेण लावून बघितलं, तेल सोडून बघितलं. तेवढ्यापुरतं बरं व्हायचं. पटाशी टेकवायच्या आधाराचा दांडा त्याच्या भोकात ढिला बसत होता. त्याला मी माझ्याच गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेची पट्टी कापून गुंडाळली, आणि ती मात्र फिट्ट बसली. लुगडं नेसून हे काम करायचं नाही एवढी अक्कल होती. ड्युटीचा जुना पांढरा कोट आणि खाली सलवार घालून, केस रुमालात बांधून मी उभी राहायचे. खिडकीतून बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई इंजेक्शन द्यायला निघाली आहे.

एका सकाळी ते जळलेलं भोक मोठं झालं, लाकूड सैल पडलं आणि मशिनमधून उडालं. माझ्या चष्म्यावर आदळलं. डोळा वाचला, पण फ्रेम मोडून भुवईत घुसली. मी आधी मशिन बंद केलं, मग आरशासमोर उभी राहिले. जखम खोल होती. किती टाके पडतील ते मला दिसत होतं, पण स्वतःच्या भुवईला स्वतः टाके घालता येत नाहीत. मी रुमाल दाबून धरला, दाराला कुलूप लावलं आणि चालत दवाखान्यात गेले.

त्या दवाखान्यात आम्ही दोघींनी नोकरीची शेवटची वर्षं काढली होती. पण आता सगळा स्टाफ नवा होता. ड्युटीवर एक तरुण सिस्टर होती, हात हलका होता तिचा.

"आजी, सोबत कोण आलंय?"

"कोणी नाही."

"घरी कोण असतं?"

"बहीण आहे. सांगलीला असते."

"काय करताना लागलं?"

"लाकूड उडालं."

"अजून चूल पेटवता व्हय?" तिनं मायेनं विचारलं.

मी हो म्हणाले. ती टाके घालत होती तेव्हा माझी मान कपाटाकडे होती. ड्रेसिंगच्या कपाटावर 'झाकण लावा' अशी अक्काच्या अक्षरातली पाटी अजून चिकटवलेली होती. शाई बरीच उडून गेली होती. मी इथं काम केलंय असं त्या पोरीला सांगावं असं खूप वाटलं. पण मग ती उठून उभी राहिली असती, मॅडम म्हणाली असती, आणि तिच्या हातातलं काम बिघडलं असतं. टाके झाल्यावर मी तशीच चालत घरी आले. त्या दिवशी कपाळाला पट्टी का, असं कुणी विचारलं नाही. विचारायला कुणी नव्हतंच.

टाके निघेपर्यंत मी मशिनला हात लावला नाही. पण त्याच्याबरोबर आलेल्या वस्तूंवर भागणार नाही, एवढं कळून चुकलं होतं. लाकडाबरोबर स्वतः फिरणारं सेंटर मिळतं, ते हवं होतं. आणि मुठीच्या एका तोंडाला चमच्यासाठी भोक पाडायचं तर लाकूड एकाच बाजूनं घट्ट धरणारा चक हवा होता. मी दोन्ही वस्तू मागवल्या. दोन्हींवर लिहिलं होतं की सगळ्या लहान लेथना चालतील.

दोन्ही चालल्या नाहीत. सेंटर माझ्या ठोकळ्याच्या भोकात आत जाईना, त्याचा दांडाच जाड होता. चक दीड फेरा फिरला आणि अडकला. मी जोर लावला नाही. सिरिंजला सुई बसत नसेल तर ती दाबून बसवायची नसते, हे मी किती पोरींना शिकवलं असेल. चक उलटा फिरवून काढला आणि निरखून बघितला. भोकाची रुंदी तर दांड्याएवढीच दिसत होती. मग मी कणीक मळली. घट्ट गोळा करून दांड्याच्या आट्यांवर दाबला, दुसरा गोळा चकच्या भोकात दाबला. दोन्ही ठसे खिडकीत शेजारी शेजारी ठेवले. तेव्हा दिसलं. माझ्या मशिनचे आटे बारीक होते, एकमेकांना चिकटून. चकचे आटे मोठे आणि लांब लांब होते. ते एकमेकांत बसणं शक्यच नव्हतं.

त्या संध्याकाळी मला हे कुणाला तरी सांगायचं होतं. मी सांगलीला फोन लावला. भाचेसुनेनं तो अक्काच्या कानाला धरला. मी तिला कणकेचे ठसे, आटे, सगळं सांगितलं. तिचा आवाज आता फार बारीक झाला होता.

"काय करायलीस तू?" तिनं विचारलं.

"तुझ्यासाठी चमच्याला मूठ करतेय."

मग ती म्हणाली, "त्या कणकेच्या पोळ्या लाट. वाया घालवू नगंस."

पुढच्या भेटीला मी थोडी लवकरची गाडी पकडली. पिशवीत चक होता, न बसलेलं सेंटर होतं, मशिनबरोबर आलेलं जुनं सेंटर आणि मशिनच्या दांड्यावर बरोबर बसणारी लोखंडी तबकडीही होती. मशिन काही उचलून नेता येत नाही, पण त्याला बसणाऱ्या वस्तू नेल्या तरी माप कळतं. सांगलीच्या बाजारपेठेत एका बोळात यंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गल्ल्यावर पांढऱ्या सदऱ्यातले एक वयस्कर शेटजी बसले होते. कपाळाला केशरी गंध होतं.

"बसा अक्का," ते म्हणाले.

सांगलीकडं कुणीही कुणालाही अक्का म्हणतं. तरी मी दचकले. माझ्या लेखी त्या नावाची एकच बाई होती.

मी पिशवीतल्या वस्तू काउंटरवर मांडल्या आणि काय होतंय ते सांगितलं. त्यांनी ड्रॉवरमधून आटे मोजायची दातेरी पट्टी काढली, तबकडीच्या भोकात लावली, मग चकच्या भोकात.

"तुमचं बराबर हाय. जाडी एकच, पर आटे येगळे."

"मग सगळ्यांना चालतं असं लिहितात कसं?"

"लिवायला काय जातंय अक्का. बसवायचं तुमाला हाय." त्यांनी दोन्ही सेंटर हातात घेऊन बघितली. "आन् हे सेंटर दोन नंबरचं आलंय. तुमच्या मशिनला एक नंबर लागतंय. ते हाय आपल्याकडं."

चकसाठी त्यांनी निराळा उपाय सांगितला. मोठ्या भोकाचा दुसरा चक घ्यायचा आणि मधे एक लोखंडी बुश करून घालायचा. बुशच्या आतले आटे माझ्या मशिनचे आणि बाहेरचे चकचे. मागच्या गल्लीत त्यांचा ओळखीचा टर्नर होता. त्याच्याकडं त्यांनी तबकडी आणि नवा चक पाठवून दिला आणि मला म्हणाले, "चार वाजेस्तोवर हुतंय. हितंच बसा. च्या घेणार न्हवं?"

मी बसले. दुकानात गिऱ्हाइक फारसं नव्हतं. चहा आला. त्यांनी विचारलं, "काय करताय मशिनवर?"

मी अक्काबद्दल सांगितलं. सांगलीला आल्यावर मी तिच्याबद्दल फक्त तिच्या घरच्यांशीच बोलत आले होते, आणि त्यांना सगळं ठाऊकच होतं. या अनोळखी माणसाला मात्र मिरजेच्या होस्टेलपासून सांगावं लागलं. मी किती वेळ बोलले कोण जाणे. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. माझं झाल्यावर ते म्हणाले, "आमच्या वडलांना बी तसंच झालं हुतं. बशी धराया यायची न्हाई. लय चिडायचे." एवढं बोलून ते रस्त्याकडं बघत बसले. मीही बघत बसले.

घरी येऊन मी बुश मशिनच्या दांड्यावर फिरवला. तो अडखळला नाही, शेवटपर्यंत गेला आणि हलकेच टेकला. त्यावर चक चढवला. बटण दाबलं. आधी तबकडी फिरताना थरथरायची, टकटक आवाज करायची. हा फिरतोय की थांबलाय ते कळू नये इतका सरळ फिरत होता. फिरतं सेंटर लाकडाला टेकवलं, ते लाकडाबरोबर निमूट फिरू लागलं. जळका वास आला नाही. मी कितीतरी वेळ काही न कातता नुसती बघत उभी राहिले. मग मोटर गरम झाली म्हणून बंद केली.

लाकूड चिंचेचं घेतलं होतं. वखारीतून जळणातला एक वाळका, सरळ दांडका निवडून आणला होता. चिंच जड असते, आणि थरथरणाऱ्या हातात थोडं वजन असलं तर हात जरा स्थिरावतो. दोन-तीन तुकडे वाया गेले. मग एक मूठ बरी उतरली. हाताला गुळगुळीत, मधे फुगीर, भोवऱ्यासारखी. चक आला होता म्हणून तिच्या तोंडाला सरळ भोक पाडता आलं. चमच्याचा दांडा कापून त्यात चिकटवला, वरून जवसाचं तेल चोळलं आणि खिडकीत वाळवलं.

मी ती घेऊन सांगलीला गेले. अक्कानं मूठ हातात धरली, फिरवून बघितली.

"झकास झालीय," ती म्हणाली. "तू केलीस?"

"मी केली."

भाचेसुनेनं वाटीत दहीभात आणला. अक्कानं चमचा भातात घातला, उचलला, आणि मूठ तिच्या हातात फिरली. चमचा उलटा झाला. पुन्हा धरली, पुन्हा फिरली. फार गुळगुळीत होती आणि पार गोल होती. हाताला सुख लागावं म्हणून मी तिला घासून घासून तशी केली होती. तिसऱ्यांदा भात मांडीवर पडला तेव्हा अक्का हसायला लागली. "पोरी, लाटण्यानं जेव म्हणतीस व्हय?"

आम्हीही हसलो. पण मी घास भरवायला चमचा हातात घेतला तेव्हा तिनं मान भिंतीकडे फिरवली.

निघायच्या आधी मी भाचेसुनेकडून कणकेचा गोळा मागून घेतला. अक्काच्या हातात दिला आणि म्हणाले, "दाब. जेवढी ताकद आहे तेवढी." तिनं दाबला. तिची बोटं थरथरत होती, पण गोळ्यात चार बोटांच्या खाचा आणि अंगठ्याचा खड्डा उमटला. मी तो डब्यात ठेवला आणि गाडीत मांडीवर धरून आणला.

दुसरी मूठ त्या ठशावरून केली. बोटं पडत होती तिथं कातून खाचा घेतल्या. अंगठ्याच्या जागी मशिन बंद करून हातानं पटाशीनं सपाट केलं. पुरती गोल राहिली नाही, म्हणजे फिरायचा प्रश्न नव्हता. पॉलिश पेपर जपूनच मारला, थोडी खरखर ठेवली. दिसायला पहिलीपेक्षा ओबडधोबड होती.

तिसऱ्या प्रहरी मी पोचले. दिवस मावळायच्या आत अक्काचं जेवण व्हायचं होतं. ती खुर्चीत बसली होती. मी मूठ तिच्या हातात दिली. तिच्या बोटांनी खाचा आपोआप शोधल्या. वाटी मी धरली. तिनं चमचा भरला. हात हलत होता, पण चमचा फिरला नाही. तोंडापर्यंत जाताना थोडं सांडलं, बाकीचं तोंडात गेलं. तिनं सावकाश चावलं आणि पुन्हा चमचा भातात घातला. भाचेसून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. थोड्या वेळानं ती आत गेली. मी पाणी आणायला गेले तेव्हा ती ओट्याशी उभी राहून स्वतःचं ताट वाढून घेत होती.

"किती दिवसांनी मी गरम खातीय, मावशी," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

अक्कानं अर्धी वाटी संपवली. मग दमली. मूठ हातात तशीच ठेवून ती म्हणाली, "आपण दोघी जेवायचो ना गं, व्हरांड्यात." मी म्हणाले, हो. गाडीची वेळ झाली होती, म्हणून मी निघाले.

तो चमचा तिनं बरेच महिने वापरला. पावसाळा सरला, दिवाळी झाली, साखर कारखाने सुरू झाले. फोनवर भाचेसून सांगायची, आज पोहे खाल्ले, आज खीर. मधे मी आणखी एक मूठ करून दिली, फळांच्या फोडी खायच्या काट्यासाठी. मशिनवर हात बसला होता. मला वाटू लागलं होतं की आम्ही या दुखण्याला कुठंतरी अडवलंय. इतकी वर्षं वॉर्डात काढून मला तसं वाटायला नको होतं.

मग तिला ठसका लागायला लागला. घास श्वासनलिकेकडे जाऊ लागला. डॉक्टरांनी तोंडानं देणं बंद करून नाकातून नळी घातली. भाच्यानं मला फोनवर सांगितलं, "मावशी, आता चमचा नगं." त्याला रडू येत होतं. मी त्याला नळी कशी धुवायची, पाजताना डोकं किती उंच ठेवायचं ते समजावून सांगितलं. फोन ठेवला आणि अक्काच्या खोलीत जाऊन मशिनवर चादर टाकली.

त्यानंतर गेले तेव्हा ती बोलत नव्हती. डोळे उघडे होते. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटली होती, बोटं आत वळली होती. मी ती सावकाश उघडली. तळव्यात नखं रुतून लाल व्रण पडले होते. असं झालं की तळव्यात गुंडाळी ठेवतात, म्हणजे हात आखडत नाही. भाचेसुनेनं रुमालाची गुंडाळी ठेवली होती, पण ती ओली झाली होती.

घरी येऊन मी मशिनवरची चादर काढली. चिंचेचा उरलेला तुकडा चकमध्ये धरला. या वेळी खाचा नव्हत्या, भोक नव्हतं, काही विशेष नव्हतं. नुसता एक गोल दांडा, दोन्ही टोकं निमुळती, आत वळलेल्या बोटांत मावेल इतका. अगदी गुळगुळीत केला. तसे दोन केले, एक धुवायला टाकला की दुसरा हातात राहावा म्हणून.

आता मी आधीपेक्षा जास्त वेळा सांगलीला जाते. गेल्यावर आधी तिचा हात कोमट पाण्यात धरते. बोटं एकेक करून सैल करते, तळवा पुसते, नखं कापते. अंगठ्याचं नख जाड झालंय, त्याला वेळ लागतो. हे सगळं करताना मी तिच्याशी बोलत असते. गाडीला उशीर झाला, हवालदारांचं घर भाड्यानं दिलंय, दवाखान्यात ती टाके घालणारी पोरगी परवा रस्त्यात भेटली आणि कपाळ बघायला थांबली. ती ऐकते का, ठाऊक नाही. नखं कापून झाली की मी दांडा तिच्या तळव्यात ठेवते, आणि तिची बोटं त्याच्यावर हळूहळू मिटतात.